नोंदीत नसलेला तुकडा

व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई, के. माणसाच्या हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी या आठ अक्षरांनी सुरू होते. प्रत्येक अक्षर एकेका अमिनो आम्लाचं: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, मग दोनदा ग्लुटामिक आम्ल आणि शेवटी लायसिन. पुढे आणखी १३८ अक्षरं आहेत, एकूण १४६. सहाव्या जागेवरचा ई जाऊन तिथे व्ही बसला की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं हिमोग्लोबिन होतं, एचबी-एस. आई आणि वडील दोघांकडूनही तेच आलं तर लेकराच्या हातापायांत, छातीत, पोटात कळा उठतात, रक्त टिकत नाही, प्लीहा हळूहळू निकामी होते आणि साध्या तापातही दवाखान्यात भरती व्हावं लागतं.

जीवरसायनशास्त्राचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, हे उदाहरण बहुतेक सापडतंच. आमच्याकडे, वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या झाडीपट्टीत, ते पुस्तकाबाहेर आहे. गोंड, माडिया, परधान वस्त्यांत आहे, बौद्ध मोहल्ल्यांत आहे, इतरही अनेक घरांत आहे. मी याच पट्ट्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग बांधीत असतो, मे महिन्यात तेंदूच्या जंगलात. त्या वर्गात हिमोग्लोबिनचा धडा येतो तेव्हा मुलं फळ्याकडे बघतात आणि एकमेकांकडे बघायचं टाळतात. ते टाळणं मी ओळखते.

प्रथिनांचं आणि पेप्टाइडांचं, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान तुकड्यांचं, संगणकावरचं विश्लेषण अभ्यासक्रमात येऊन आता बरीच वर्षं झाली. तरी ते कसं शिकवलं जातं? यीस्टचं एखादं प्रथिन घ्यायचं, उंदराच्या प्रथिनाशी जुळवायचं, स्क्रीनवर आलेलं चित्र रेकॉर्ड बुकात चिकटवायचं. मला मनापासून वाटतं की आमच्या मुलांनी हे गणित आपल्या रक्तापासून सुरू करावं. त्याने गोडी लागते हे तर आहेच. पण त्याहून मोठं कारण असं की या गणिताची ताकद आणि त्याची आंधळी जागा दोन्ही सिकलसेलमध्ये जितकी लख्ख दिसतात तितकी मला दुसऱ्या कुठल्याही उदाहरणात दिसलेली नाहीत.

गोष्ट सुरू होते ती संगणकाच्या कितीतरी आधी. १९१० मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींचं वर्णन छापलं. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण. पुढे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि हार्वी इटानो यांच्या गटाने दाखवलं की रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं. त्यावर विद्युतभार वेगळा आहे, म्हणजे रेणूच वेगळा आहे. एखाद्या आजाराचं मूळ थेट रेणूत सापडण्याची ती पहिली वेळ. पण रेणूत नेमकं कुठे? हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात, मिळून ५७४ अमिनो आम्लं. त्या काळी पूर्ण क्रम वाचायची सोय नव्हती. फ्रेडरिक सँगर यांना इन्सुलिनची ५१ अमिनो आम्लं क्रमाने लावायला दहा वर्षांच्या आसपास लागली होती.

केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी १९५६ मध्ये वेगळी वाट काढली. सगळा क्रम वाचायच्या भानगडीत न पडता त्यांनी हिमोग्लोबिनवर ट्रिप्सिन हे पाचक एन्झाइम घातलं. ट्रिप्सिन जिथे लायसिन किंवा आर्जिनिन दिसेल तिथेच, त्याच्या पुढे, साखळी तोडतं. त्यामुळे तुकडे दर वेळी तेच पडतात. हे तुकडे त्यांनी कागदावर एका दिशेने विजेने आणि दुसऱ्या दिशेने द्रावकाने पसरवले. कागदावर तीसेक ठिपके उमटले. निरोगी माणसाचा कागद आणि रुग्णाचा कागद शेजारी ठेवले, तर बाकी सगळं जुळत होतं, एकच ठिपका सरकलेला होता. दुसऱ्या वर्षी, १९५७ मध्ये, त्या ठिपक्यातला बदल त्यांनी छापला: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा छोटा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. म्हणजे केंब्रिजमध्ये ते अक्षर सापडलं, त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या भागाचं नाव या आजाराशी जोडलं गेलं. ही दोन सालं मी मुलांना नेहमी शेजारी शेजारी लिहून दाखवते.

तुकडे पाडायचे, तुकडे मोजायचे, तुकड्यांवरून अख्खं ओळखायचं. प्रथिनांचं सगळं संगणकी विश्लेषण आजही याच पायावर उभं आहे. संगणक त्यात आणला मार्गारेट डेहॉफ यांनी. १९६२ मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट लेडली यांनी आयबीएम ७०९० या यंत्रासाठी कॉमप्रोटीन नावाचा प्रोग्रॅम तयार केला. एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांवरून अख्ख्या प्रथिनाचा क्रम लावून द्यायचा, हे त्याचं काम. १९६५ मध्ये त्यांनी तोवर माहीत असलेले ६५ प्रथिनांचे क्रम एका पुस्तकात एकत्र केले. वर मी ज्या एकाक्षरी खुणा वापरल्या त्याही डेहॉफ यांच्याच; पंच कार्डावर जागा वाचावी म्हणून त्यांनी तीन अक्षरांचं एक केलं. आज आमची मुलं मोबाइलवर जो युनिप्रोट हा प्रथिनांच्या क्रमांचा साठा उघडतात, त्याच्या पूर्वजांत ते ६५ क्रमांचं पुस्तक आहे.

युनिप्रोटमध्ये बीटा ग्लोबिनचा नोंद क्रमांक आहे पी६८८७१. वर्गात मी तो फळ्यावर लिहिते आणि सहावं अक्षर शोधायला सांगते. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, सहावं नाई, सातवं येते जी.” आणि बरोबरच होतं ते. साठ्यातली नोंद १४७ अक्षरांची आहे. पेशीत साखळी बांधताना सुरुवातीला मेथिओनिन लागतं आणि नंतर ते छाटलं जातं. जुन्या वैद्यकीय लिखाणात छाटलेल्या साखळीवरून मोजतात म्हणून सहावं. नव्या पद्धतीत मेथिओनिन धरून मोजतात म्हणून सातवं. दोन रिपोर्टांवर दोन आकडे दिसले की घरची माणसं घाबरून जातात, आपल्याला दोन आजार आहेत की काय म्हणून. एवढ्याशा गोष्टीसाठीही कुणीतरी गावात असा हवा, ज्याने स्वतः बोट ठेवून ती अक्षरं मोजलेली आहेत.

त्यानंतरचा तास मला जसाच्या तसा आठवतो. लाइन गेलेली, कम्प्युटर बंद, म्हणून वजनं फळ्यावरच काढायची ठरली. प्रत्येक अमिनो आम्लाचं साखळीत बसल्यानंतरचं वजन ठरलेलं असतं. व्हॅलिन ९९.०७, हिस्टिडिन १३७.०६, ल्युसिन ११३.०८, थ्रिओनिन १०१.०५, प्रोलिन ९७.०५, ग्लुटामिक १२९.०४, लायसिन १२८.०९. आठवं अक्षर लायसिन असल्यामुळे ट्रिप्सिन तिथेच तोडतं आणि पहिला तुकडा बरोबर या आठ अक्षरांचा पडतो. आठही वजनं मिळवायची, तुकड्याच्या दोन टोकांसाठी पाण्याच्या एका रेणूचे १८.०१ घालायचे. बेरीज येते ९५१.५ डाल्टन (रेणूंच्या वजनाचं हे एकक). आता सहाव्या जागी १२९.०४ च्या ऐवजी ९९.०७ घाला. ९२१.५. तीसचा फरक. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र हेच वजन मोजतं, आणि दशांशाच्या पुढच्या कित्येक घरांपर्यंत मोजतं. तीस डाल्टन म्हणजे त्याच्या दृष्टीने मैलाचं अंतर.

बेरीज करायला जी मुलगी फळ्यापाशी आली होती तिला स्वतःला सिकल आहे. लहानपणापासून. दुखणं उठलं की आजी तिला वाताचं तेल चोळायची आणि आई आरोग्य केंद्रात न्यायची. वर्गाला हे माहीत होतं, तिने कधी लपवलं नव्हतं. तिने ९२१.५ खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, “मंग मॅडम, मशीन कसं वळखते, हा तुकडा कोनाचा हाय?”

तर ते असं. यंत्र फक्त वजन देतं. आणि तुकडा आणखी फोडून त्याच्या कपच्यांची वजनं देतं. नाव लावायचं काम प्रोग्रॅमचं. १९९४ मध्ये अमेरिकेत जॉन येट्स यांच्या गटाने सिक्वेस्ट हा प्रोग्रॅम मांडला. त्याची युक्ती सोपी आणि भारी आहे. साठ्यातलं प्रत्येक प्रथिन तो संगणकातच ट्रिप्सिनच्या नियमाने तोडतो, प्रत्येक तुकड्याचं वजन आणि त्याच्या संभाव्य कपच्या आधी काढून ठेवतो, आणि मग यंत्राने प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी पडताळतो. ज्याच्याशी सगळ्यात चांगलं जुळेल त्याचं नाव लागतं. आजचे प्रोग्रॅम कितीतरी वेगवान झालेत, तरी मूळ कल्पना बहुतांशी हीच राहिली आहे.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “साठ्यात तर ई वालाच लिवला हाय. मंग माहा तुकडा त्याले भेटनारच नाई का?”

मी इतकी वर्षं हा विषय शिकवते आहे, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता. उत्तर असं की, नाही भेटणार. साध्या शोधात प्रोग्रॅमला दिलेल्या फाइलमध्ये एका प्रथिनाचा एकच प्रमाण क्रम असतो. बीटा ग्लोबिनसाठी तो ई असलेला. सिकलच्या रुग्णाचं रक्त यंत्रात घातलं तर पहिल्या आठ अक्षरांचा तुकडा ९२१.५ ला येईल, फाइलमध्ये त्या वजनाचा जुळणारा तुकडा नसेल, आणि प्रोग्रॅम त्याला ‘न जुळलेले’ या ढिगात टाकून पुढे जाईल. बीटा ग्लोबिनचे बाकीचे तुकडे मात्र व्यवस्थित जुळतील. त्यामुळे शेवटच्या अहवालात ठळकपणे लिहिलेलं असेल: बीटा ग्लोबिन आढळलं. आढळलंच आहे ते. फक्त जो तुकडा तिला रात्र रात्र जागवतो तेवढाच गाळून.

यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. साठ्यात सिकलच्या बदलाची नोंदही आहे. पण ती टिपणांच्या भागात आहे, मुख्य क्रमात नाही, आणि शोध मुख्य क्रमावर चालतो. जाणकार लोक बदलांची वेगळी फाइल जोडून हे भरून काढतात. सिकलसेल इतका प्रसिद्ध की त्याच्यासाठी अशी फाइल कुणीतरी जोडतंच. मला चिंता वाटते ती प्रसिद्ध नसलेल्या बदलांची. जे बदल कोरकूंमध्ये आहेत, कोलामांमध्ये आहेत, आणि जे कुणी वाचलेच नाहीत, त्यांचे तुकडे आजवर किती ढिगांत पडले असतील? २०२५ च्या जानेवारीत जीनोम इंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांना खुली झाली, ती म्हणूनच मला फार मोलाची वाटते. प्रमाण कोणाचं धरायचं, हा प्रश्न आता निदान आपल्या घरात आला.

दुसरी आंधळी जागा ‘सारखेपणा’ची. दोन प्रथिनं जुळवून बघायची पद्धत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये दिली. पुढे १९९० मध्ये ब्लास्ट हा शोधायचा प्रोग्रॅम आला आणि साठ्यात शोधणं मिनिटांवर आलं. साधी बीटा साखळी आणि सिकलची बीटा साखळी जुळवली तर उत्तर येतं ९९.३ टक्के सारखी. १४६ पैकी १४५. कुठल्याही अनोळखी प्रथिनांसाठी हा आकडा पाहून आपण म्हणू, एकच आहेत, पुढे चला. आणि अक्षराला अक्षर बदलल्याचे गुण देणारा जो तक्ता सर्रास वापरतात, ब्लोसम ६२ नावाचा, त्यात ई जाऊन व्ही आला तर उणे दोन गुण मिळतात. कुठल्याही प्रथिनात, कुठल्याही जागी, तेच उणे दोन. हजारो प्रथिनांच्या अनुभवातून काढलेली ती सरासरी आहे. सहाव्या जागेबद्दल तिला काहीच माहीत नाही.

सहाव्या जागेत असं काय आहे? ती रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे, हेच. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिन तेलकट, पाण्यापासून आडोसा शोधणारं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर, ८५ व्या फिनाइलअॅलानिन आणि ८८ व्या ल्युसिनपाशी, एक तेलकट खोबण उघडी पडते. व्हॅलिन त्या खोबणीत जाऊन बसतं. जंगलातून आल्यावर धोतराला कुसळं धरतात ना, तसा एक रेणू दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला. १४ धाग्यांचा पीळ तयार होतो, तो पेशीला आतून ताणतो आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ऑक्सिजन परत आला की पीळ सुटतो; पुन्हा पुन्हा असं होत राहिलं की पेशी कायमची वाकडी राहते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते.

हे नीट समजून घेतलं की आल्फाफोल्ड या प्रोग्रॅमकडे बघायची दृष्टीही बदलते. २०२० मध्ये आल्फाफोल्ड २ ने अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची घडी सांगण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं, २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार फुकट उपलब्ध झाले, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि डेव्हिड बेकर यांना मिळालं. काम अफाट आहे. या वाटेवर एक मोठा टप्पा आपल्या मद्रासचा होता, हेही मी वर्गात आवर्जून सांगते: १९६३ मध्ये जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी साखळीच्या कुठल्या वळणांना जागा आहे आणि कुठल्या नाही याचा नकाशा काढला. आजही नवा आकार छापण्याआधी त्याच नकाशावर तपासला जातो.

पण सिकलची साखळी एकटी घेतली तर तिची घडी बिघडलेली नाही. स्फटिकांवरून मोजलेल्या आकारांत साधं आणि सिकलचं हिमोग्लोबिन जवळपास सारखं दिसतं. बिघाड आहे तो दोन रेणूंच्या मध्ये, तोही ऑक्सिजन गेल्यावर, तोही गर्दी असेल तर. एका अक्षराच्या बदलाचा परिणाम सांगण्यासाठी आल्फाफोल्ड पारखलेलं नाही, हे ते बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या त्या सावधगिरीचा मला आदर वाटतो. आमच्या मुलांनी स्क्रीनवरची सुंदर निळी घडी पाहून ‘प्रथिन ठीक आहे’ असं लिहू नये, यासाठी मी जिवाचं रान करते.

गर्दीचा मुद्दा मात्र इथे थांबून सांगायला हवा, कारण या सगळ्या गणितातला आमच्या मातीशी थेट जोडलेला आकडा तोच आहे. १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी सिकल हिमोग्लोबिनच्या द्रावणातला ऑक्सिजन काढून घेतला आणि पीळ बनायला किती वेळ लागतो ते मोजलं. सुरुवातीला काही काळ काहीच होत नाही, मग एकदम सगळं घट्ट होतं. तो थांबण्याचा काळ द्रावणाच्या दाटपणावर अवलंबून असतो, आणि कसा? जवळपास तिसाव्या घाताने. मुलांना मी मोबाइलवर १.०५ चा तिसावा घात काढायला लावते. ४.३ येतो. म्हणजे दाटपणा पाच टक्क्यांनी वाढला तर वेळ चौपटीहून जास्त घटतो. दहा टक्क्यांनी वाढला तर सतरा पटींनी. काचेच्या नळीतला हिशेब शरीरात जसाच्या तसा लागू होत नाही, तिथे ऑक्सिजन पूर्ण कधी जात नाही आणि पेशी तेवढ्यात फुप्फुसाकडे परतही येते. पण दिशा तीच.

आता मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा ४५ च्या वर. पहाटे तीन-चारला उठून जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेली पोरगी डोक्यावर गठ्ठा घेऊन दुपारी परतते, मग पुडे बांधायला बसते. बाटलीतलं पाणी केव्हाच संपलेलं. शरीर कोरडं पडलं की लाल पेशीतलंही पाणी घटतं, आत हिमोग्लोबिन दाटतं, आणि तिसावा घात आपलं काम करतो. आशाताई दर भेटीत सांगते, “पाणी पीत जा बाई, उन्हात जाऊ नको.” ऐकणाऱ्याला वाटतं, ही काय औषधं नाहीत म्हणून पाणी सांगते. तो सल्ला किती मोठ्या गणितावर उभा आहे हे तिलाही कुणी सांगितलेलं नसतं. मला वाटतं, सांगायला हवं. घात कळत नसेल तर आकडा सांगावा: थोडंसं कोरडं पडलं तरी पीळ चौपट लवकर बनू शकतो. आणि पत्ता तोडायला जाऊ नको म्हणणाऱ्याने हेही बघावं की त्या पंधरवड्याच्या कमाईवर त्या घरात वह्या-पुस्तकं, बियाणं आणि पावसाळ्यातलं किराणा अवलंबून असतं. घराजवळ सावलीत पुडे बांधायचं काम तिला मिळावं, एवढी व्यवस्था गावात होऊ शकते.

मघाच्या ब्लोसम तक्त्याकडे एकदा परत जाते, कारण त्यात आणखी एक धडा आहे. बीटा साखळीच्या १२१ व्या जागी ग्लुटामिकच्या ऐवजी ग्लुटामिन आलं तर एचबी-डी पंजाब होतं. ब्लोसम या बदलाला अधिक दोन गुण देतो, म्हणजे निरुपद्रवी. एकट्याने तो बऱ्यापैकी निरुपद्रवी आहेही. दोन्हीकडून डी आलेली माणसं सहसा ठणठणीत असतात. पण एकीकडून एस आणि दुसरीकडून डी आला तर आजार सिकलइतकाच जोरात उठू शकतो, कारण १२१ वी जागा त्या पिळाच्या जोडावरच येते. अक्षर कोणतं बदललं हे पाहायचं, ते कुठे बसलंय हे पाहायचं, आणि शेजारी कोण आहे हेही. गावात आधी सोल्युबिलिटीची चाचणी होते: नळीतलं रक्त गढूळ झालं की एस आहे. तो एकीकडून आहे की दोन्हीकडून, सोबत डी आहे की थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार, हे त्या गढूळपणातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. गढूळ नळीवरच लोक आयुष्याचे निर्णय घेऊन मोकळे होतात, ते थांबलं पाहिजे.

निर्णय म्हणजे बहुतेक वेळा लग्नाचे. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ चं लक्ष्य ठरलं, तपासणीचा निकाल सांगणारी कार्डं वाटली गेली. कार्ड चांगलंच आहे. पण मी पाहते ते असं की सोयरिकीत कार्ड मुलीचं मागतात. मुलाचं कुणी विचारत नाही. गणित तर दोघांचं आहे. एकीकडे वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून एस आलेला, आणि दुसरीकडे पूर्ण निरोगी असेल तर एकाही लेकराला सिकलचा आजार होत नाही. फार तर निम्म्या शक्यतेने लेकरू वाहक होतं, आणि वाहक सहसा आयुष्यभर नीट जगतो. दोघंही वाहक असले तर प्रत्येक खेपेला चारातली एक शक्यता. म्हणजे वाहक मुलीला नाकारायचं काहीच कारण नाही, जोवर मुलाचं रक्त तपासलेलं नाही. हे मी ग्रामसभेत बोलले आहे, बचत गटात बोलले आहे, पुढेही बोलणार आहे. आणि हिवतापाचाही विषय काढते. १९५४ मध्ये अॅलिसन यांनी दाखवलं की वाहकांना हिवतापाचा जीवघेणा फटका कमी बसतो. गडचिरोलीत हिवताप मोठ्या प्रमाणावर आहे. या जंगलात आपले पूर्वज तगले त्यात त्या एका व्हीचाही वाटा आहे, हे ऐकलं की सभेत बसलेल्या बायांच्या माना वर होतात.

आता वर्गात काय चाललंय ते सांगते. त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही स्वतःची एक फाइल करायला घेतली. साध्या मजकुराचीच, फास्टा पद्धतीची: एका ओळीत नाव, खाली क्रम. पहिली नोंद प्रमाण बीटा ग्लोबिनची. दुसरी एचबी-एसची. मग डी पंजाब, मग २६ व्या जागी लायसिन असलेली एचबी-ई, सहाव्याच जागी लायसिन असलेली एचबी-सी. सी ची गंमत मुलांनीच काढली: सहाव्या जागी लायसिन आल्यामुळे ट्रिप्सिन तिथेही तोडतं आणि आठ अक्षरांचा तुकडा सहा आणि दोन असा फुटतो. प्रत्येक नोंदीचे तुकडे पाडणं, वजनं काढणं, कोणता तुकडा कोणत्या बदलाची खूण ठरेल ते लिहिणं, हे सगळं मोबाइलवर आणि वहीत होतं. युनिप्रोट फुकट, रचनांचा साठा फुकट, ब्लास्ट फुकट. महागडं यंत्र आमच्याकडे नाही आणि लवकर येणारही नाही. पण यंत्राच्या पुढे काय वाढून ठेवायचं ते ठरवायला यंत्र लागत नाही.

या वर्षी त्यात गॅमा साखळी घेतली आहे. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा असते आणि म्हणूनच सिकल असलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन यांनी नवजात बाळांच्या रक्तावरून हे हेरलं होतं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी गॅमाचं प्रमाण वाढवते, म्हणून ती रोज घ्यायची. बीटा आणि गॅमा दोन्ही १४६ अक्षरांच्या, ३९ जागी वेगळ्या. सहाव्या जागी दोघींतही ई. मग त्या ३९ पैकी कोणत्या जागेमुळे गॅमा पिळात शिरत नाही? मुलांनी दोन्ही क्रम एकाखाली एक लिहून फरकांवर लाल गोल केले आणि मग पिळाच्या खोबणीच्या आसपास कोणता गोल पडतो ते शोधलं. ८५ आणि ८८ दोघींत सारखे. मध्ये ८७ ला बीटात थ्रिओनिन, गॅमात ग्लुटामिन. जनुकोपचाराच्या एका पद्धतीत शास्त्रज्ञांनी बीटा साखळीत मुद्दाम हाच बदल करून ती रुग्णाच्या पेशीत घातली आहे.

ते ८७ सगळ्यात आधी फळ्यावर बेरीज करणाऱ्या त्या मुलीलाच सापडलं. आता ती विचारते आहे की उरलेल्या ३८ मधला आणखी कोणता फरक पीळ अडवतो. मी तिला १२ जागांची यादी करून दिली आहे. रेणूच्या बाहेरच्या अंगाला येणाऱ्या जागा आधी बघ, आत दडलेल्या नंतर. तिने यादीतल्या दोन जागा खोडल्या आणि का खोडल्या ते समासात लिहून आणलं.